हलणारा मटार

आमच्याकडे दुधाच्या हिशेबाची एक लांबट वही आहे. पुढून उघडली की दूध, मागून उघडली की मुलगी. म्हणजे ओवी काय काय बोलते ते. सुरुवात बायकोने केली. ओवी पावणेदोन वर्षांची असताना मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून त्याला "गप ले!" असं दटावायची. हे विसरायला नको म्हणून बायकोने हाताशी आली त्या वहीत लिहून ठेवलं. आता ओवी साडेचार वर्षांची आहे, मधे दोन दूधवाले बदलले, वही तीच आहे. मधल्या पानांवर दोन्ही बाजू एकमेकींना येऊन भिडल्यात. त्यामुळे "१२ तारीख : दीड लिटर. देव रोज आंघोळ करून नुसता बसून का राहतो?" अशा नोंदी सापडतात.

हे काही आमचंच खूळ नाही. डार्विनला १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला तेव्हा तोही बाळ कधी दचकलं, कधी चिडलं, कधी हसलं ते टिपून ठेवायचा. ती टिपणं त्याने छापली १८७७ साली. तोवर बाळ साउदॅम्प्टनला बँकेत भागीदार झालं होतं. सदतीस वर्षं कळ काढली माणसाने. आम्हाला सदतीस सेकंद दम निघत नाही. ओवीचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते फॅमिली ग्रुपवर असावं असं वाटतं, आणि नुसतं लिहून भागत नाही, आवाज हवा, चेहरा हवा. म्हणजे फोन हवा. इथून आमच्या हालांना सुरुवात होते.

जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही दोघं पेपर पसरून दोन किलो मटार सोलत बसलो होतो. ओवीने वाटीतले पंधरा-वीस दाणे उचलले आणि फरशीवर एका रेषेत उभे केले. आता मटार उभा की आडवा हे कसं ठरवायचं, पण तिच्या लेखी उभेच होते. "सावधान! विश्राम! सावधान!" मग प्रतिज्ञा सुरू झाली. "भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधकाम आहेत." (आम्ही डोंबिवलीत राहतो. समोर दोन वर्षं टॉवर चाललाय. तिची चूक नाही.) आमच्या फरशीला मोरीकडे किंचित उतार आहे. बिल्डरने न मागता दिलेली ती एकमेव गोष्ट. तर रांगेतला एक दाणा त्या उतारावरून हळूच निघाला. ओवीने त्याला धरून आणला, जागेवर ठेवला, कमरेवर हात ठेवले. "तुला किती वेळा सांगितलं, प्रार्थनेत हलायचं नाही?" दाणा परत निघाला. "आईला बोलावू का तुझ्या?" असं म्हणून तिने शेजारच्या सालांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

बायकोने माझ्याकडे पाहून भुवई उडवली. आमच्या घरात याचा अर्थ एकच : फोन. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. मी आवाज न करता उठायला गेलो तर गुडघ्याने कटकन हजेरी दिली. तरी ओवीचं लक्ष गेलं नाही. आत पोचलो, कॅमेरा उघडला, तर जागा शिल्लक नाही. मग तिथेच उभ्याने पुसापुशी. मावशीचे सूर्योदय आणि सुविचार, विजेच्या मीटरचे फोटो, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि एका स्क्रूचा फोटो. हा स्क्रू मी का काढला होता ते मला आठवेना, आणि आठवेना म्हणून पुसवेना. शेवटी सूर्योदय गेले. धावत बाहेर आलो. रांग जागेवर होती.

"हलणारा कुठाय गं?"

"खाल्ला."

"का?"

"सारखा हलत होता."

आणि मी बटण दाबलं ते यानंतर. व्हिडिओत पंधरा निश्चल मटार आहेत आणि मागे बायकोचा आवाज आहे : "आता आलास?"

जागेचं रडगाणं एकदाच गातो. फोटो-व्हिडिओ फुकटात हवे तेवढे ढगात ठेवायची जी सोय होती ती १ जून २०२१ पासून बंद झाली आणि सगळं मिळून १५ जीबीत बसवा असं झालं. ओवी जन्मली त्याच वर्षी सप्टेंबरात. नशीब म्हणतात ते हेच.

तर, प्रसंग निसटला की माणूस जी चूक करतो ती मीही केली. म्हणालो, "ओवी, मगाशी केलंस तसं परत कर ना." लेकीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, केस मागे सारले, आणि एक हसू आणलं. हे हसू तिचं नाही. कोणाच्या तरी मोबाइलवरून आमच्या घरात आलंय. "हाय फ्रेंड्स, आज आपण मटार बघणार आहोत." पुढे दोन मिनिटं ती मटार दाखवत होती. दर दहा सेकंदांनी थांबून "दाखव" म्हणत होती. आमच्याकडे तिचे काहीशे व्हिडिओ आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत ती एकच शब्द बोलते : दाखव. उरलेल्या निम्म्यांत माझा अंगठा आहे.

म्हणून आम्ही फिरून वहीकडे वळतो. वही बरी. तिला चार्जिंग लागत नाही, आणि वहीसमोर ओवी नटत नाही. पण तिच्यातही खोट आहे. मागच्या पावसाळ्यातली एक नोंद आहे, अक्षर माझंच : "पण मग झुरळ?" पुढे कंसात, "खूप हसलो." बस. कसलं झुरळ, 'पण' कशावर, 'मग' कशानंतर, काही पत्ता लागत नाही. आम्ही दोघांनी एक अख्खी संध्याकाळ त्यावर घालवली. बायकोच्या मते ते बोलणं तिच्यासमोर झालं होतं, मी घरीच नव्हतो. मग माझं अक्षर कसं? तर तू नंतर ऐकून लिहिलंस. मग हसलो कोण? यावर जरा वादावादीच झाली. झुरळ अजून तसंच आहे.

काही नोंदी मात्र शाबूत आहेत. आरती चालली असताना तिने विचारलं, लोटांगण हा फ्रॉक असतो का? 'घालीन' म्हणतात ना. मी एकदा सहज म्हणालो, मला एक प्रश्न पडलाय, तर ती पलंगाखाली वाकून बघायला लागली. आजीबद्दल तिचं म्हणणं असं की आजी परवा आली होती आणि परवा येणार आहे, तर मग मधे ती कुठे असते? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागचा आणि पुढचा दिवस एकाच शब्दात भागवायची काटकसर आपण मराठी माणसांनी का केली, कोण जाणे. पायऱ्या मोजताना ती सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस, दहावीस असं चढत जाते. माझ्या आईला हे सहन होत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, त्यात आई आमच्या घरापुरती आघाडीवर होती. नव्वावीस ऐकून ती म्हणाली, "यापेक्षा ते वीस नऊ बरं होतं रे."

आणि 'करला'. मी चित्र करला, बाबाने चहा करला. बसचं बसला, हसचं हसला, मग करचं करला. नियमाने बघितलं तर तिचंच बरोबर आहे. 'केला' हे आपण आडवळणाने कुठून तरी आणलंय. आईने कितीदा बजावलं, "पोरीला नीट बोलायला शिकवा, हे काय करला-करला!" आम्ही माना डोलावल्या आणि कानाडोळा केला. खरं सांगायचं तर आम्हाला ते सुधारायचंच नव्हतं. ऐकायचं होतं. मग एका सकाळी दात घासून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी ब्रश केला." अगदी सरळ, जाता जाता. बायको चहा गाळता गाळता थांबली. वहीत त्या दिवशी फक्त दूध आहे.

टिपून ठेवायची गरज नसते असेही प्रसंग होतात. ते सोसायटी लक्षात ठेवते. लिफ्टमध्ये आमचे सेक्रेटरी काका होते, वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, मी होतो. ओवीने मान वर करून काकांना विचारलं, "तुम्हीच मेन्टेनन्स ना? तुमची बेल वाजली की बाबा म्हणतो, आला बघ मेन्टेनन्स." तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत आमची लिफ्ट किती वेळ घेते ते मला त्या दिवशी कळलं. काकू रुमालात हसत होत्या. तेव्हा माझा फोन हातात होता, चार्ज होता, जागाही होती.

गेल्या आठवड्यात अंधारात पाणी प्यायला उठलो आणि पलंगाच्या पायावर करंगळी आपटली. जे व्हायचं ते झालं. एका पायावर नाचलो, तोंडातून दोन शब्द गेले, पाय हातात धरून भिंतीला टेकलो. दिवा लागला. बायको हसावं की विचारावं या विचारात. ओवी मात्र उठून तडक उशाशी गेली, माझा फोन घेतला, दोन्ही हातांनी समोर धरला, एक डोळा मिटला.

"बाबा, परत आपट ना. माझं राहिलं."

"अगं, लागलंय मला."

"हळू आपट. पण नाच तसाच."

मी बायकोकडे बघितलं. तिने भुवई उडवली.

मग मी लंगडत दारापर्यंत गेलो, तिथून परत आलो, पलंगापाशी अलगद पाय लावला आणि जमेल तेवढा नाचलो. ओवीने फोन खाली केला. चेहऱ्यावरून तरी तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

"दाखव," मी म्हणालो.