दोन मिलीलिटरची टाकी

भारतातल्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या फार रुंद आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ तयार करणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण, त्यात निकोटिन असो वा नसो, नाव, आकार, रूप काहीही असो, ते ई-सिगारेटच. १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि बॅटरीवर चालणारा ई-पाईपही, म्हणजे लाकडी पाईपच्या आकाराची ई-सिगारेटही, त्यात आला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. नुसतं ओढणं मात्र या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नाही.

ब्रिटनमध्ये हाच पाईप उघड विकत मिळतो, पण मापात. २०१६च्या नियमांनुसार लिक्विड भरायची टाकी २ मिलीलिटरपेक्षा मोठी नको, निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलीलिटरपेक्षा मोठी नको, आणि एका मिलीलिटरमध्ये निकोटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको. गिऱ्हाईक १८ वर्षांचं पुरं हवं. लिक्विडमध्ये काय काय घातलंय, हे उत्पादकाने बाजारात आणण्याआधी औषध नियामकाला कळवायचं.

मायदेशातल्या वादात दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, बंदीमुळे शाळा-कॉलेजातली पोरं वाचली. दुसरी म्हणते, विडी-सिगारेट नाक्यावर उघड मिळते, मग तिच्यापेक्षा कमी घातक वस्तूवरच बंदी का? इथे ब्रिटनमध्ये राहून दोन्ही बाजू ऐकताना मला दोन्हींत एकच उणीव दिसते. वस्तू चांगली की वाईट यावर सगळे बोलतात. किती, कशातून, कोणासाठी, हे कोणी बोलत नाही.

इथल्या डॉक्टरांचा दाखला देताना तो पुरा द्यायला हवा. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली म्हटलं की वाफेचा दीर्घकालीन धोका तंबाखूच्या धुराच्या पाच टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी आहे. ही तुलना धुराशी आहे, स्वच्छ हवेशी नाही. ज्याने कधी तंबाखू ओढली नाही त्याने ई-पाईपला हात लावू नये. निकोटिनचं व्यसन लागतं आणि ते सहज सुटत नाही. शिवाय ही तुलना भारतात जशीच्या तशी लागू होत नाही. ब्रिटनमध्ये तंबाखू म्हणजे जवळपास धूरच. भारतात २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे होते. त्यात विडीवाले ७.७ टक्के, सिगारेटवाले ४ टक्के, आणि चघळणारे, मळणारे, लावणारे मिळून २१.४ टक्के. गुटखा किंवा मिश्रीवाल्याच्या हातात पाईप देऊन काहीच साधत नाही. म्हणून हा सगळा विषय जो आधीच धूर ओढतो आणि धूर सोडायचं ठरवतो, त्याच्यापुरता आहे. त्याच्यासाठी मात्र तो तपशिलात समजून घेण्यासारखा आहे.

लाकडी पाईपमध्ये जिथे तंबाखू भरतात त्या वाटीत ई-पाईपमध्ये बॅटरी आणि बटण असतं. दांडीच्या तोंडाशी टाकी आणि तिच्यात कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, त्याच्याभोवती कापसाची वात. पुढे वाकडी तोंडी. रचना देखणी आहे, पण पहिली अडचण तिच्यातूनच येते. पेनासारख्या व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, टाकी उभी असते, लिक्विड आपोआप वातीशी येतं. पाईपमध्ये टाकी बऱ्याचदा आडवी होते. लिक्विड एक तृतीयांशाच्या खाली गेलं की वातीची भोकं उघडी पडतात, कापूस कोरडा होतो आणि पुढचाच झुरका जळका लागतो. टाकी निम्मी झाली की भरायची, आणि ठेवताना पाईप उभा ठेवायचा. बुडाला सपाट नसलेला पाईप दिसायला कितीही छान असला तरी घेऊ नये.

बॅटरी निवडताना आकड्यांवर भर द्यावा. पाईपमध्ये बहुधा १८३५० नावाचा सेल बसतो: १८ मिलिमीटर व्यास, ३५ मिलिमीटर लांबी. एवढ्याशा सेलमध्ये साधारण १,१०० मिलीअँपिअर-तास मावतात. वेष्टनावर दोन हजारांच्या वरचा आकडा छापला असेल तर तो खोटा आहे. ३.७ व्होल्टला याची ऊर्जा सुमारे ४ वॉट-तास. १० वॉटवर ओढलं तर ती २४ मिनिटं पुरेल, तीन सेकंदांचा एक झुरका धरला तर ४८० झुरके. वाया जाणारी ऊर्जा वजा केली तर साडेतीनशे धरावेत. ज्याला दिवसभर पुरायला हवा त्याने दोन सेल आणि वेगळा चार्जर घ्यावा. १८६५० या लांब सेलचा पाईप जास्त टिकतो, पण हातात जड लागतो. तसेही हे पाईप साध्या लाकडी पाईपच्या दुपटीहून जड असतात. दातांत धरून बसायची सवय असेल तर ती मोडावी लागते, नाहीतर जबडा दुखतो.

काही जुन्या धाटणीच्या पाईपमध्ये वीज आवरणारी चिपच नसते, बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. हे नवख्याने घेऊच नयेत. कारण हिशेबातच दिसतं. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, १.५ ओहमच्या कॉइलमधून २.८ अँपिअर जातात, म्हणजे जवळपास १२ वॉट. सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला की तीच कॉइल ७ वॉटही देत नाही. सकाळी चटका आणि संध्याकाळी पाणचट चव. त्यात चुकून कमी ओहमची कॉइल लागली किंवा शॉर्ट झाली तर अडवणारं कोणी नाही. चिपचा पाईप वॉट कायम ठेवतो, शॉर्ट ओळखून बंद पडतो, आठ-दहा सेकंदांनी वीज आपोआप तोडतो. आणखी एक गोष्ट भिंग लावून बघण्यासारखी: वाटीच्या बुडाला हवेची भोकं आहेत का? सेल बिघडून वायू सुटला तर त्याला वाट हवी, नाहीतर बंद नळीचा स्फोट होतो. सेलचं प्लॅस्टिक वेष्टन फाटलं असेल तर तो वापरू नका, आणि सुटा सेल खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर कधीही नको.

कॉइल १ ते १.८ ओहमच्या दरम्यानची बरी. पाईप ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो, घोळवतो. त्यासाठी हवेची वाट अरुंद हवी, ओढताना थोडा अडथळा जाणवायला हवा. मोठी हवा आणि ढगभर वाफ हवी असलेल्याने पाईपच्या वाटेला जाऊ नये.

लिक्विडचा पाया दोन गोष्टींचा: प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिलं पातळ, चव नेणारं, घशाला लागणारं. दुसरं दाट, गोडसर, वाफ देणारं. पाईपच्या बारीक वातीला निम्मं-निम्मं मिश्रण सोसतं. सत्तर टक्के ग्लिसरीनचं लिक्विड कापसात पुरेशा वेगाने शिरत नाही आणि कापूस जळतो. तंबाखूच्या चवीत दोन प्रकार: एक बनवलेली चव, दुसरी खऱ्या पानांतून उतरवलेला अर्क. अर्काची चव खऱ्या पाईपच्या जवळ जाते यात वाद नाही, पण त्यातले राळेसारखे अंश कॉइलवर बसतात. पातळ, बिनगोडाच्या लिक्विडवर जी कॉइल दोन आठवडे चालते ती अर्कावर चार-पाच दिवसांत काळी पडते. हे आधीच धरून चालावं. सुक्रालोज घातलेली फार गोड लिक्विडंही हेच करतात.

निकोटिन किती, हा प्रश्न सगळ्यात चुकीच्या पद्धतीने सोडवला जातो. दिवसाला वीस सिगारेटी छातीत ओढणाऱ्याला मिलीलिटरमागे १८ ते २० मिलिग्रॅमचं लिक्विड लागू शकतं. त्याने भीतीपोटी ३चं घेतलं तर आठवड्यात तो पुन्हा सिगारेटकडे जातो. उलट पाईपचा धूर छातीत न घेणाऱ्याने २०चं भरलं तर त्याला ठसका लागेल, मळमळेल, गरगरेल. त्याने ३ किंवा ६पासून सुरू करावं. आणि वाफ छातीत घ्यायची सवय नव्याने लावून घेऊ नये. पूर्वी नसलेलं ओझं फुप्फुसांवर कशाला? निकोटिन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून क्षार केलेलं निकोटिन, घशाला मऊ लागतं, त्यामुळे नकळत जास्त ओढलं जातं, हेही ध्यानात हवं. १० मिलीलिटरच्या २० मिलिग्रॅमवाल्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. लहान मुलासाठी ते विष आहे. बाटली कुलपात, आणि हाताला सांडलं तर लगेच साबणाने धुवायचं.

नवी कॉइल बसवताना घाई नडते. कापूस दिसतो त्या प्रत्येक भोकावर एकेक थेंब, वरून आत दोन थेंब, मग कॉइल घट्ट पण जोर न लावता फिरवायची. टाकी काठोकाठ भरायची नाही. वरचा हवेचा बुडबुडाच लिक्विडला धरून ठेवतो. मग दहा मिनिटं थांबायचं. बटण न दाबता चार-पाच वेळा हलकं ओढायचं, म्हणजे वात भिजते. सुरुवात ८ वॉटवर, मग एकेक वॉट वर, कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या आत. चव भरते आणि वाफ कोमट लागते तिथे थांबायचं. झुरका तीन-चार सेकंदांचा, संथ, आणि दोन झुरक्यांत निदान पंधरा-वीस सेकंद. पाईपची मजा या संथपणातच आहे. भराभर ओढलं की वात मागे पडते.

एकदा जळलेला कापूस पुन्हा कधीच सुधारत नाही. लिक्विड बदला, वॉट उतरवा, तो जळका वास जाणार नाही, कॉइल फेकायचीच. गुळगुळ आवाज येऊ लागला तर लिक्विड मधल्या नळीत शिरलंय: फार जोराने ओढलंय किंवा टाकी तुडुंब भरलीय. टाकी काढायची, खाली टिश्यू धरून तोंडीतून फुंकायचं. वाकड्या तोंडीच्या बाकात वाफ थंड होऊन पाणी साचतं, ते काढायला लाकडी पाईप साफ करायची तीच लोकरी तार चालते. बटण दाबूनही काही होत नसेल तर आधी टाकी आणि वाटी जोडली जाते तिथली मधली पिन बघा. तिच्यावर चिकट थर बसतो. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावून पुसलं की बहुतेक वेळा काम भागतं.

एवढं सगळं सांगायचं कारण बंदीच्या वादाशी जोडलेलं आहे. अध्यादेश निघाला त्याच सुमारास अमेरिकेतून व्हेपने फुप्फुसं निकामी झाल्याच्या बातम्या येत होत्या. १८ फेब्रुवारी २०२०पर्यंत तिथे रुग्णालयात दाखल झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ जण नोंदले गेले, त्यांत ६८ मृत्यू. मुख्य कारण निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट; गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या, बऱ्याचदा अनौपचारिक बाजारातून घेतलेल्या काडतुसांमध्ये ते घातलेलं होतं. ब्रिटनच्या २०१६च्या नियमांत लिक्विडमध्ये जीवनसत्त्व घालायला आधीच मनाई होती. लोण्याची चव देणाऱ्या डायअसेटिललाही मनाई आहे. भारतात चोरून येणाऱ्या मालाच्या बाटलीवर २० लिहिलंय की ५०, आत काय आहे, सेल खरा की खोटा, हे सांगायला कोणी बांधील नाही. बंदी असताना ओढणाऱ्याच्या हातात हीच बाटली पडते, आणि मला खरी काळजी तिची वाटते.

तरीही इथलं सगळं शहाणपणाचं आहे असं म्हणणं खोटं ठरेल. मापं लिहिली, पण रंगीबेरंगी, वापरून फेकायची उपकरणं बरीच वर्षं मोकाट विकू दिली. ती अल्पवयीन मुलांच्या हाती गेली, त्यांतल्या लिथियमच्या बॅटऱ्या कचऱ्यात गेल्या, आणि अखेर १ जून २०२५पासून त्यांच्यावर बंदी आणावी लागली. मायदेशातल्या पालकांची भीती पोकळ नाही, हे इथेच सिद्ध झालं. जड, संथ, पुन्हा भरायचा, दर आठवड्याला स्वच्छ करायचा पाईप आणि खिशात लपणारी गोड नळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भारताच्या कायद्याने दोन्ही एकाच वाक्यात बसवल्या, ब्रिटनने दोन्ही बराच काळ एकाच नियमात. मला दोन्हीकडे हीच चूक दिसते. पुन्हा भरायचं उपकरण, १८ वर्षांच्या वर, ठरलेल्या मापात, तपासलेल्या लिक्विडसह, आणि फेकायच्या वस्तूला मुळातच जागा नाही, अशी रचना भारतात झाली तर विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यासाठी मी तिच्या बाजूने उभा राहीन.

तोवर कायदा आहे तो आहे. सुट्टीला घरी जाताना पाईप सामानात घालू नका. आयातीवर बंदी आहे आणि स्वतःपुरता एकच आणला ही सबब नाही. वाटेत सिंगापूर असेल तर तिथे १ फेब्रुवारी २०१८पासून जवळ बाळगणंही गुन्हा आहे. निकोटिनचा च्युइंगम परवानाधारक औषध असल्याने भारतीय कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतो, तेवढे दिवस तो पुरतो. निघण्याआधी टाकी रिकामी करून कोमट पाण्याने धुवा आणि पालथी वाळत ठेवा, जुनी कॉइल टाकून द्या, आणि सेल पाईपमधून काढून निम्म्या चार्जवर, ३.७ व्होल्टच्या आसपास, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. परत आल्यावर नवी कॉइल, पाच थेंब आणि दहा मिनिटं.