डोये मिटायची सोय नाही

आमच्या गावात माणूस खुर्चीवर डोळे मिटतो तो डुलकी घ्यायला आणि उभ्याने मिटतो तो आरतीला. यापलीकडचा प्रकार गावाला माहीत नव्हता. तो मी सुरू केला आणि तेव्हापासून माझी शांती गेली.

माझं कृषी केंद्र आहे. म्हणजे दहा महिने दिवसभर खुर्ची आणि जून-जुलैत दिवसभर खुर्ची अधिक उधारीची वही. पन्नाशीच्या तोंडावर कंबर धरली, बीपी १६० वर गेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "थोडा योग, प्राणायाम सुरू करा. पण तुमचं बीपी पाहता कपालभाती अन् शीर्षासन नको." शीर्षासनाची बंदी मी इतक्या जड मनाने स्वीकारली, की जणू कालपर्यंत दुकान त्याच अवस्थेत चालवत होतो.

खरं तर आमचा जिल्हा अमरावती. १९१४ सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. १९३६ ला थेट बर्लिनच्या ऑलिंपिकात कबड्डी दाखवून आलेली माणसं तिथली. त्याच मातीतला मी. खाली पडलेला पेन पायाच्या बोटांनी उचलण्याइतकी प्रगती माझीही होती.

पुतणीने मोबाईलवर वाचून सांगितलं की पतंजलीची १९६ सूत्रं आहेत आणि त्यात आसनांवर फक्त तीन. पहिलंच 'स्थिरसुखमासनम्'. जे स्थिर आणि सुखाचं, ते आसन. मला एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं झालं. ही तर माझी दुकानातली खुर्ची! पुतणी म्हणाली, "मोठे बाबा, कंबर दुखते ना? मग सुखाचं कुठून? नुसती स्थिर आहे ती."

पहाटे पाचला उठावं तर उन्हाळ्यात अख्खं घर स्लॅबवर झोपलेलं. चार खाटांच्या मधून पाय टाकायला जागा नाही. शेवटी अंगणात निंबाखाली चटई टाकली. अमरावतीहून आणलेली, गुलाबी. निळी संपली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिच्यावर मायनं मूगवड्या घातलेल्या.

"सपाट हाय, धूळ बसत नाही, चांगली हाय बाप्पा," तिनं शिफारस केली. वड्या वाळेपर्यंत माझा योग सतरंजीवर. पुढे चटई परत मिळाली. पण त्या दिवशी उताणा पडलो आणि उठलो तेव्हा पाठीला दोन वड्या चिकटलेल्या. कोंबडी मागे लागली ती दुकानापर्यंत.

पश्चिमोत्तानासनात माझी बोटं आणि माझे अंगठे यांच्यात एक वीत अंतर आहे. ते कमी व्हावं म्हणून मी तोंड वेडंवाकडं करून ओढत असताना माय समोर पावशीवर भेंडी चिरत बसलेली. वय ७२, एक गुडघा वर, एक खाली, पाठ ताठ.

"त्यात काय हाय? माह्यासंगं सरकी टोबाले चाल. दोन तासांत हात पायाले लागते."

तिची चाळीस वर्षं टोबणी, निंदण आणि वेचणीत गेली. तिचे गुडघे आता रात्री दुखतात, हेही खरं. पुतणीने तिला समजावून पाहिलं की आज्जी, पोटासाठी दिवसभर वाकणं वेगळं आणि श्वास सांभाळून वाकणं वेगळं. मायनं पुढची भेंडी घेतली.

भ्रामरीचा किस्सा लहानसा आहे. अंगठ्यांनी कान बंद, डोळे मिटलेले, नाकातून भुंग्यासारखा आवाज. चांगला सूर लागला होता. डोळे उघडले तर बायको बादल्या घेऊन नळापाशी उभी. "लाईन आली ना? मोटर वाजली." आलीच नव्हती. त्या सकाळी घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

पण हे सगळं परवडलं. खरी पंचाईत झाली ती नुसतं शांत बसण्याने. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, बाकी काही नाही. तिसऱ्या श्वासाला फाटक वाजलं.

"काय झालं बे? असा काऊन बसला?"

"काही नाही काकाजी. ध्यान करून रायलो."

"उधारी बुडाली काय?"

ते गेले, तर कोपऱ्यावरची मावशी आली. मग दोन पोट्टे. आमच्याकडून मोझरी जवळ; तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाचा संस्कार असा, की ध्यानसुद्धा सामुदायिक. दहा-वीस जण मिळून बसले तर गाव हात जोडतं. एकटा बसला तर चौकशी करतं. त्यातून आमच्या भागात घरचा कर्ता माणूस मुक्यानं एकटा बसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. का, ते विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही.

चार दिवस दुकानाची चावी मला मिळाली नाही. "तुम्ही आराम करा, पोरगा उघडते," बायको म्हणायची. मी खूश, वाटलं योगाचा मान ठेवताहेत. दुकानात मागच्या खोलीत फवारणीच्या औषधांचे खोके असतात. चावीचा अर्थ पाचव्या दिवशी डोक्यात शिरला आणि मग मला काही विनोदी सुचेना. संध्याकाळी बायकोला जवळ बसवून डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, एकूण एक ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंग आधी सांगाचं ना." चावी खुंटीवर परत आली.

२१ जूनला गावातल्या शाळेत योग दिवस होता. संयुक्त राष्ट्रांनी ही तारीख २०१४ च्या डिसेंबरात ठरवली, ती ठरवताना कुण्या कास्तकाराला विचारलं नसावं. मृग संपून आर्द्रा लागायची वेळ, आभाळ भरलेलं, माझ्या दुकानात बियाण्याला रांग. मी प्रत्येकाला सांगत होतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि प्रत्येक जण मान हलवून बॅग उचलून नेत होता. डॉक्टरांसमोर मी हलवतो अगदी तशीच मान.

काकाजींचा मात्र चिठ्ठीवर विश्वास नाही. ते रोज पहाटे येतात, चटईच्या कडेला ओट्याला टेकतात, तंबाखू मळतात. "तू कर तुह्यं. मी बसतो अठीसा." मी दोन-तीनदा समजावलं की यासाठी एकांत लागतो. "हाव, हाव," म्हणतात आणि बसतात.

काल डोळे मिटून मोजत होतो. एक, दोन, तीन, चार; मग खताच्या गाडीचं भाडं आठवलं आणि मोजणी चुकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली. शेजारून मात्र एक घोरणं अगदी संथ लयीत येत होतं. मी स्वतःचं सोडून तेच मोजलं. आत घेताना चार. सोडताना बरोबर सहा.