वहिवाट मोडण्याची सोपी रीत

अभिनंदन! तुमच्या तालुक्याच्या गावातला मॉल एकदाचा पडला. शेवटची दोन वर्षं तळमजल्यावर चादरींचा 'फक्त चार दिवस' सेल चालू होता आणि बंद पडलेला सरकता जिना लोक पाखाडीसारखा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेसारखा, चढत होते. आता जागा मोकळी झालीय, नवा आराखडा करायचाय आणि समितीत तुम्ही आहात. रस्त्यांतलं काही कळत नसेल तर उत्तमच.

सगळ्यात आधी, तिथे पायी जाऊ नका. गेलात तर दिसेल, की मागच्या वाडीतून एस.टी. स्टँडकडे निघालेली जांभ्याची पाखाडी कुंपणाच्या पत्र्याशी संपते आणि पलीकडच्या पत्र्यापासून पुन्हा सुरू होते. मग एखादी आजी गाठेल. "झिला, माका फकत पलीकडे जावचा आसा." असल्या मागणीला आराखड्यात जागा नसते. आराखड्यातली माणसं येतात, खरेदी करतात, आइस्क्रीम खातात आणि जातात. पलीकडे कोणी जात नाही.

गेट एकच ठेवा, हायवेवर. मागून तीन गल्ल्या येऊन थडकतात, त्यांना भिंत दाखवा. कारण विचारलं तर 'सुरक्षा' म्हणा. त्यापुढे कोणी विचारत नाही.

समितीत एखादा पोरगा पुण्यात शिकून आलेला असेल. तो अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेकवूडची गोष्ट काढेल. 1966चा विला इटालिया मॉल तिथे पाडला आणि त्या जागी 2004 पासून बेलमार उभं राहिलं: 22 लहान चौकोन, मधून खरेखुरे रस्ते, ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले, दुकानांच्या डोक्यावर बिऱ्हाडं. त्याला शांतपणे सांगा, की खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि शंभर पावलांवर बोळ हे आपल्या बाजारपेठेत आजोबांच्या काळापासून आहे, म्हणून तर ती मागासलेली! अजून बोलला तर व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकारावर येईल. त्याने 1956 साली मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त मॉल बांधला. भोवती घरं, शाळा, बाग हवी असं त्याचं म्हणणं होतं. मिळालं पार्किंग, आणि म्हातारपणी त्याने या अपत्याचं पितृत्वच नाकारलं. इथे चहा मागवा. चहा आला की विषय बदलतो.

पार्किंगचा हिशेब गणपतीच्या आदल्या दिवसावरून करा. मुंबईचे सगळे चाकरमानी आपापल्या गाडीने एकाच वेळी तुमच्याच दारात येणार, असं धरा. उघड्यावर एका गाडीला वळायच्या जागेसकट साधारण 23 चौरस मीटर लागतात. तेवढ्या जागेत चार कोळणी वाटे लावून बसतील, पण कोळणींना नंबरप्लेट नसते. उरलेले 364 दिवस त्या डांबरावर पोरं क्रिकेट खेळतील. ते बंद करायला वॉचमन ठेवा.

फुटपाथ मात्र हवाच, उद्घाटनाच्या फोटोत दिसतो. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी द्या आणि उंची 150 मिलिमीटरच्या वर नेऊ नका. तुम्ही तो गुडघाभर उंच करा, मधोमध विजेचा डीपी बसवा आणि पेव्हर ब्लॉक असे लावा, की पावसात पाय पडताच पिचकारी थेट धोतरावर. मग माणसं रस्त्यावरून चालतील आणि 'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे वाक्य तुम्हाला पुढच्या बैठकीत वापरता येईल.

आता वहाळ, म्हणजे ओढा. तो जागेच्या पोटातून जातो, मॉलच्याही आधीपासून. नकाशात आधी त्याला नाला म्हणा, पुढच्या नकाशात गटार, मग एक सिमेंटचा पाइप. शब्द लहान होत गेला की पाणीही लहान होतं, असा नगररचनेतला अलिखित नियम आहे. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो या नियमाला बांधील नाही हा त्याचा दोष. 22 जुलै 2021ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, हे कोणी काढलंच तर म्हणा, ते चिपळूण. आपण काय वाशिष्ठीच्या काठी राहतो? बेसमेंट पार्किंग त्याच वहाळावर घ्या, खोदाई निम्मी वाचेल.

शेवटी कंपाउंड. चांगलं आठ फुटी, चिऱ्याचं. चार महिन्यांत पाखाडीच्या रेषेत कोणीतरी दोन चिरे काढेल. बुजवा. परत काढेल, या वेळी पाच. मग भगदाडातून शाळेची पोरं जातील, आजी जाईल, सायकल आडवी करून पोस्टमन जाईल, आणि एके सकाळी तिथे एक बाई बांगड्याचे वाटे लावून बसलेली दिसेल. नेमकी हीच जागा तिने कशी हेरली, हे तिला विचारू नका. ती एका वाक्यात सांगेल आणि फी घेणार नाही, मग सल्लागाराचं बिल मंजूर करताना तुमचीच पंचाईत.