पेट्रोलचा पाइप कुठूनही न्या, गाडी रेसचीच आहे

जुनी मारुती एस्टीम घेऊन तिची रेस गाडी बनवताय? अभिनंदन. आधी स्टिकर लावा, मग अलॉय व्हील, मग आवाज करणारा सायलेन्सर. पेट्रोलचा पाइप सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या जागेतून. तो कुणाला दिसत नाही, त्याचे फोटोही चांगले येत नाहीत.

पाइप गाडीच्या तळाला, सगळ्यात खालून न्या. पुण्यातले स्पीडब्रेकर त्याची तपासणी फुकट करून देतात.

बॅटरीची केबल आणि पेट्रोलचा पाइप एकाच केबल टायने बांधा. टायची बचत.

इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डजवळून नेला तर अंतर कमी, पाइप कमी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, वगैरे शाळेतल्या गोष्टी आहेत.

पाइप जुनाच ठेवा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याने जुनं रबर खराब होतं म्हणतात. होऊ दे. आपण कुठे रोज चालवतो?

क्लिप साधी, स्क्रू फिरवून आवळायची, पाण्याच्या पाइपला असते तीच. एमपीएफआयच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीच्या, पाइपात चाळीस पीएसआयच्या आसपास दाब असतो, म्हणजे तुमच्या टायरपेक्षा जास्त. फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेस गाड्यांची स्पर्धा, तिच्या नियमांत पेट्रोलच्या पाइपला ही क्लिप चालतच नाही. पण इंजिनिअरिंगची ती पोरं, पुस्तकी. आपल्याकडे वीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री आहे.

आता फायरवॉल. इंजिन आणि तुमचे गुडघे यांच्यामधला तो पत्रा. पाइप त्यातून न्यायचा म्हणजे ड्रिलने भोक पाडायचं, पाइप ओवायचा, झालं. ग्रोमेट कशाला? कडेला रबराची ती रिंग नसली तरी पाइप जातोच की. फक्त पत्र्याची कड ब्लेडसारखी असते आणि इंजिन माउंटिंगवर सारखं हलतं, तेव्हा पाइपही त्या कडेवर घासत राहतो. हजार वेळा, दोन हजार वेळा. गेल्या रविवारी चांदणी चौकाच्या उतारावर बायको म्हणाली, "अहो, पेट्रोलचा वास येतोय." मी म्हणालो, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक डिझेलचा होता. घरी येऊन बॉनेट उघडलं, टॉर्च लावून बघितलं, तर भोकापाशी पाइप अर्धा कापलेला. अर्धा! आत नायलॉनचा धागा दिसत होता आणि धाग्यावर पेट्रोलचा थेंब. खाली मॅनिफोल्ड. काम करून देणाऱ्या गॅरेजला फोन केला तर शेठ म्हणाले, "साहेब, रेसिंग गाडीला थोडा वास येणारच." थोडा वास! मग काय, उदबत्ती लावू? बिल काढून बघितलं. 'ग्रोमेट, 2 नग' लिहिलंय. पैसे लावलेत. नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात ती वस्तू चहाच्या पैशात मिळते आणि या माणसाने ती बसवलीच नाही.

हां, सल्ले चालले होते. पाइपचा जोड केबिनमध्ये, सीटच्या शेजारी घ्या. एफआयए म्हणजे जगभरच्या रेसिंगचे नियम करणारी संस्था, तिच्या नियमात केबिनमध्ये जोड चालत नाही, फक्त पुढच्या-मागच्या बल्कहेडवर, म्हणजे केबिनच्या पत्र्याच्या भिंतीवर चालतो. पण एफआयए पॅरिसला आहे, गॅरेज वाघोलीला.

नाही, पुरे. मला आता हसू येत नाहीये.

2020 मध्ये बहारीनच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, टाकीतून इंजिनाकडे जाणारी जोडणी उखडली आणि तो माणूस जवळजवळ अर्धा मिनिट आगीत होता. त्याच्या मागोमाग मेडिकल कार येत होती. तुमच्या मागे कोण येणार आहे? बादलीतली वाळू? अंगावर रेसिंगचा सूट कितीही महागाचा घाला, तो आगीत काही सेकंद देतो, मिनिटं नाही.

चाळीस हजाराचे अलॉय घेता आणि पाइपवर दोनशे रुपये वाचवता, लाज वाटत नाही? मिस्त्रीला शिव्या घालून काय उपयोग, काम झाल्यावर गाडीखाली शिरून बघितलं का एकदा तरी? मीही नव्हतं बघितलं, आणि शेजारी बायको बसली होती. फ्युएल इंजेक्शनचा म्हणून मिळतो तोच पाइप घ्या. वीतभर अंतरावर पी-क्लिप, म्हणजे पाइप पत्र्याला धरून ठेवणारी पट्टी लावा, केबल टाय नको. सायलेन्सर आणि वायरिंगच्या विरुद्ध बाजूने न्या, इंजिनापाशी हलायला थोडी ढील ठेवा. प्रत्येक भोकाला ग्रोमेट, किंवा सरळ बल्कहेड फिटिंग. पंपाला धडकेत बंद होणारा कटऑफ स्विच बसवा, इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहू शकतो. आणि हे जमत नसेल तर गाडी पार्किंगमध्येच ठेवून फोटो काढा. ट्रॅकवर आणू नका. माझ्या पुढे तर अजिबात नको.