ऑक्सफर्ड ‘कव्हर’ केलं म्हणे!

सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. ताई, भावजी, दोन्ही पोरं आणि मधोमध काळा गाऊन घातलेला एक परका मुलगा. त्याच्या खांद्यावर भावजींचा हात. खाली लिहिलंय, "ऑक्सफर्ड कव्हर्ड! दोन तासात झालं." त्यावर अठरा अंगठे. मी दिला नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, तो मुलगा परीक्षेचा आहे! त्या पोशाखाला सब-फस्क म्हणतात, तो घातल्याशिवाय पेपरला बसता येत नाही. २०१५ साली मुलांनीच मतदान करून तो कायम ठेवला. वर कार्नेशनचं फूल लावायची पद्धत आहे. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. कुणाचं किती उरलंय ते लांबूनच कळतं.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी हाय स्ट्रीटवर होते, एक्झामिनेशन स्कूल्स म्हणजे परीक्षेच्या इमारतीसमोर. एक मुलगी आली. पांढरं फूल, टोपी हातात, ओठ पुटपुटत होते. शेवटची उजळणी चालली होती बिचारीची. आमच्या सहलीच्या बसमधल्या एका काकांनी तिला अडवलं, "वन फोटो प्लीज!" ती थांबली. हसलीसुद्धा. पण पुटपुटणं तुटलं ते तुटलंच. आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले.

बारावीच्या केंद्राबाहेर आपण आपल्या पोराशीसुद्धा हळू बोलतो ना? मग दुसऱ्याचं पोर काय प्रदर्शनात मांडलंय?

हो, कॉलेजं स्वतःच तिकीट लावतात. क्राइस्ट चर्च कॉलेजमध्ये हॅरी पॉटरच्या सिनेमात दिसलेला जिना बघायला लोक रांगा लावतात आणि तो पैसा कॉलेजला हवाच असतो. मान्य. पौंडाचा भाव बघता सगळ्यांना मुक्काम परवडत नाही, तेही मान्य. पण दोन तासात कॅमेरा खाली ठेवून दहा मिनिटं उभं राहायला पैसे पडत नाहीत.

मी त्या संध्याकाळी हट्टाने बस सोडली आणि एक रात्र राहिले. रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी क्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यातली ग्रेट टॉम घंटा वाजायला लागली. एकशे एक टोल. कॉलेजच्या जुन्या १०१ विद्यार्थ्यांचे. ५ मिनिटं उशीर का, तर ऑक्सफर्डची मूळ वेळ ग्रीनिचच्या ५ मिनिटं मागे, आणि घंटेने ती अजून सोडलेली नाही. रस्ता रिकामा होता. मी मोजायला लागले, चाळिसाच्या पुढे चुकले. तेव्हाही ती मुलगीच डोक्यात होती. पेपर कसा गेला असेल?

दुसऱ्या दिवशी सॉमरव्हिल कॉलेजपर्यंत चालत गेले. बसवाले तिकडे नेत नाहीत. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तिथे आली. १८९२ मध्ये तिने कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, ती देणारी पहिली बाई. तिला बसू द्यायला विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. पास झाली, पण पदवी नाही, कारण बायकांना पदवी देतच नव्हते! तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाच्या हातात पदवी पडली १९२२ मध्ये. तीस वर्षं थांबली ती. आपल्या मातीतली पोर, आणि आपण तिच्या कॉलेजवरून न जाताच "झालं" म्हणतो.

पांढऱ्या फुलाची ती मुलगी आणि कॉर्नेलिया मला आता एकत्रच आठवतात.

ताईला चांगलं खरमरीत लिहिणार होते. लिहून पुसलं. तीही हौसेने गेलीय, आयुष्यात पहिल्यांदाच परदेशात. भेटली की सांगेन, समोर बसून.

आत्ता फोटो मोठा करून पाहिला. त्या मुलाच्या गाऊनवर लाल फूल आहे. पेपर संपलेत त्याचे. बरं वाटलं.