टायर घ्यायचा म्हंजे काय

माझ्या स्विफ्टला कंपनीतनं आलेले टायर होते १६५/८० आर १४, आणि चार वर्षं मला हे माहीतच नव्हतं. टायर म्हणजे काळा, गोल आणि नेमका पावसात पंक्चर होणारा, एवढीच आमची ओळख होती आणि ती बरी चालली होती. मग ऑफिसातल्या मित्रानं खबर आणली की कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे आहे, आपापल्या गाड्या न्यायच्या, पैसे भरायचे आणि दिवसभर पळवायच्या. आता आमच्या कोल्हापुरात मोहितेंचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा, आणि माझी स्विफ्ट काय कार्ट नाही. मी लगेच हो म्हणालो. मित्रानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या टायरला बुटाचं टोक लावलं आणि म्हणाला, "भावा, ह्या टायरवर येणार? सायकलचे टायर हायत हे."

झालं. झोप गेली.

रात्री बसून त्या आकड्यांचा अर्थ लावला. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के टायरच्या भिंतीची, म्हणजे बाजूच्या रबराची, उंची. १४ म्हणजे रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास, इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिन्ही एका ओळीत, हे ज्यानं ठरवलं त्यानं आयुष्यात बाजारहाट केलेली नसणार. बरं, टायरची एकूण उंची बदलली की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, म्हणून उंची तशीच ठेवून रुंदी वाढवायची असते. लेकीच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर मांडत बसलो. मूळ टायर ६२० मिलिमीटर. १८५/६५ आर १५ घेतला तर ६२१ आणि वर थोडं. २०५/५५ आर १६, जो मित्राला हवा होता (माझ्या गाडीला), तो ६३२, म्हणजे दोन टक्के जास्त, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायची भीती. आणि १९५/५५ आर १६? ६२१! फक्त मिलिमीटरभर फरक. दहावीच्या बोर्डात भूमितीचं उत्तर जुळलं तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

आता उंची तीच आणि रिम मात्र १४ ची १६, म्हणजे ती जागा कुठूनतरी जाणार, आणि ती जाते भिंतीतनं. १३२ मिलिमीटरची भिंत १०७ झाली. भिंत बुटकी म्हणजे वळणावर टायर कमी लवणार, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकणार, एवढंच मी वाचलं आणि वही मिटली. वही मिटायला नको होती.

साइझ ठरली तर मग कुठला टायर. इथं खरी तालीम सुरू होते. टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा असतो, जितका कमी तितकं रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी, आणि गंमत म्हणजे तो आकडा ज्यानं टायर केला तोच देतो. ट्रॅकवाले लोक २०० च्या आसपासचे टायर लावतात. कोरड्या ट्रॅकवर ते घोरपडीसारखे चिकटतात म्हणे. पण त्यातल्या बऱ्याच टायरांना नक्षी नावापुरतीच, तुंबलेल्या पाण्यातनं गाडी नेली की चाकाखालचं पाणी बाहेर पडायला वाटच नाही, गाडी तरंगते. आणि माझ्या घरापासून कोइंबतूर हजारेक किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस लॅपसाठी, चला पन्नासच किलोमीटर धरा, जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर रोडवर. पैलवान मातीत अनवाणी लढतो आणि मॅटवर बूट घालतो, पण बूट पिशवीत घालून नेता येतात हो, चार चाकं कुठं घालू?

शेवटी तीनशेच्या आसपासचा, रोडवरचा पण चपळ, असा टायर ठरवला. मग कळलं की तो माझ्या साइझमध्ये मिळत नाही. २०२० च्या जूनपासून बाहेरच्या टायरांच्या आयातीवर सरकारनं बंधन घातलंय, त्यामुळं इंटरनेटवर ज्याचं कौतुक वाचावं तो टायर दुकानात नसतो. आमचे टायरवाले अण्णा म्हणाले, "पंधरा दिवसांत मागवून देतो." पाचव्या आठवड्यात टायर आले. आनंदानं हात फिरवला तर बाजूला चार आकडे, १४२१. म्हणजे २०२१ सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल, आणि आपण २०२४ मध्ये.

"अण्णा, हा तीन वर्षांचा आहे."

"मग? माझा पोरगा तीसचा आहे, कुठं खराब झालाय?"

पोरग्याला मी ओळखतो म्हणून गप्प बसलो. अजून दोन आठवड्यांनी ताजे आले, ८७ व्ही. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत चालतो. ८३ पीएस ताकदीची स्विफ्ट २४० ला कुठनं जाणार, दरीतनं? पण मनाला बरं वाटतं. नव्या अलॉय रिमांसकट आकडा किती झाला ते घरात अजून सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही.

ट्रॅकचं काय सांगू. पहिले तीन लॅप मी राजा होतो. चौथ्या लॅपला ब्रेकनं मान टाकली. पेडल दाबतोय, गाडी विचार करतेय. टायरला दमायची संधीच मिळाली नाही, दोन महिने ज्याच्यावर पीएचडी केली तो टायर ताजातवाना आणि ब्रेक पॅडचा वास कँटीनपर्यंत. वर टायर तापून ३२ ची हवा ३९ झालेली, म्हणून मित्राच्या सांगण्यावरनं हवा सोडली. ही हवा टायर गार झाल्यावर परत भरायची असते. विसरलो नाही बरं का, सकाळी सेलमच्या पंपावर भरलीच, तीन टायर झाले आणि मागनं ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना, मी गाडी पुढं घेतली आणि चौथा पुढच्या पंपावर बघू म्हटलं.

तो पुढचा पंप अजून यायचाय. हजार किलोमीटर काही झालं नाही. कर्नाटक गेलं, कागल गेलं, रंकाळा दिसला, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला जो खड्डा मी गेली सहा वर्षं नावानिशी ओळखतो त्यात पुढचं डावं चाक, तेच, कमी हवेचं, धाडकन. सकाळी बघतो तर टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा.

अण्णांनी फुग्यावर बोट दाबलं, माझ्याकडं बघितलं. "जुन्या टायरला भिंत होती."

"नवीन कधी येईल?"

"पंधरा दिवसांत."

घरी येऊन आईला विचारलं, जुनी चाकं गच्चीवर ठेवलेली ती कुठायत. दोन होती. तिसरं शेजारच्या पोरांनी झोक्याला नेलेलं, आणि चौथ्याचा रिम भंगारवाल्याकडं गेलेला, टायरात माती आणि हातभर हिरवीगार कोथिंबीर.

"मागची दोन्ही नवीन चाकं पुढं घेतो, ही दोन मागं टाकतो, तात्पुरती," मी म्हणालो.

"टाक की," आई म्हणाली. "पण स्टेपनी कुठली ठेवणार? कोथिंबीर काढायची नाही सांगून ठेवते, मंगळवारी माझी भिशी आहे, वड्या करायच्यात."