आत्याचा पासवर्ड मला नको

घरातल्या वयस्कर माणसाने डेटिंग अ‍ॅपचं नाव काढलं की निम्मे लोक हसतात आणि निम्मे घाबरतात. मला दोघांचाही राग येतो. जोडीदार जाऊन वर्षं उलटली, मुलं आपापल्या व्यापात आहेत, आणि एखाद्या बाईला मनातलं बोलायला कुणीतरी हवं आहे. यात हसण्यासारखं काय आहे?

माझ्या आत्याने "मला ते अ‍ॅप लावून दे" म्हटलं, तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. फोन तिच्याच हातात राहिला पाहिजे. आपण पटापट बोटं फिरवून "झालं बघ" म्हणतो, तेव्हा समोरचं माणूस काहीही शिकलेलं नसतं, उलट पुढच्या वेळी विचारायला आणखी संकोचतं. आम्ही आधी अक्षरं मोठी केली, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद केलं, लोकेशनची परवानगी फक्त अ‍ॅप वापरताना ठेवली. हे सगळं तिनेच केलं, मी शेजारी बसले होते. वेळ लागला, लागू दे. पासवर्डही तिनेच ठरवला आणि तो मला माहीत नाही. तिला कोण काय लिहितं हे वाचायचा मला अधिकार नाही.

फोटो मात्र अलीकडचा लावा, असा आग्रह मी धरला. जुना फोटो पाहून जुळलेलं माणूस पहिल्या भेटीतच बिचकतं.

काही गोष्टी अ‍ॅप स्वतःहून नीट सांगत नाही, त्या आपण सांगायच्या. प्रोफाइलवरची पडताळणीची खूण साधारणपणे एवढंच सांगते की सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला चेहरा एक आहे. माणूस खरं बोलतो की नाही, हे ती खूण सांगत नाही. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे प्रोफाइल पुसलं गेलं असं नाही आणि पैसे भरून घेतलेली वर्गणीही आपोआप थांबत नाही. दोन्ही वेगवेगळं बंद करावं लागतं. आणि समोरच्याने अचानक उत्तर देणं थांबवलं तर आपलं काही चुकलं असेलच असं नाही. हे शेवटचं आत्याला पटायला सर्वात जास्त दिवस लागले. तिच्या पिढीत बोलणं थांबलं की त्याला कारण असायचं, आणि ते कारण ती स्वतःतच शोधत राहिली. त्या दिवसांत तिला तंत्रज्ञानाची माहिती नको होती, ऐकून घेणारं माणूस हवं होतं.

आता फसवणुकीबद्दल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये जवळपास ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या, आणि त्यांचं एकूण नुकसान सुमारे १.३ अब्ज डॉलर होतं. ठग मंडळींची गोष्ट बहुधा ठरलेली असते: परदेशात समुद्रातल्या तेलविहिरीवर काम, किंवा सैन्यातली नोकरी, भेटायचं म्हटलं की ऐनवेळी अडचण. ते लवकरात लवकर अ‍ॅपमधलं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर नेतात, म्हणजे अ‍ॅपवाल्यांच्या नजरेत येत नाही. मग दवाखान्याचा खर्च, विमानाचं तिकीट, नाहीतर क्रिप्टोत (डिजिटल चलनात) खात्रीचा नफा. समोरच्याचा फोटो इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या नावाने तर नाही ना, हे गूगल लेन्सवर टाकून पाहायला आत्या शिकली आहे. चेहरा बदलणारी सॉफ्टवेअरं आल्यापासून व्हिडिओ कॉलही पक्का पुरावा राहिलेला नाही, म्हणून तिचा नियम सोपा आहे: प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला पैसे नाहीत, ओटीपी नाही, कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणं नाही. पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी, स्वतःच्या वाहनाने, आणि कुठे चालली आहे हे मला कळवून. कुणाला भेटते आहे ते सांगायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

एवढं करूनही कुणी फसलंच, तर "तरी सांगत होते" हे वाक्य तोंडातून काढू नका. ओरडा बसेल या भीतीनेच माणसं गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याच्या काळात आणखी पैसे जातात. पहिला फोन बँकेला करा. मग पोलिसांत तक्रार, आणि चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन येऊ शकतो. तीही फसवणूकच असते, हे आजच सांगून ठेवा.